डावा कान

रंगारी गेला त्या सकाळी त्याच्या बायकोने रडण्याआधी एक फोन केला, आणि तो तिच्या धाकट्या दिराच्या मनात सलत राहिला.

"वहिनी, दादा अजून गार झाला नाही आणि तुम्ही त्याची चिरफाड करायला माणसं बोलावताय?"

"त्यांनीच सांगून ठेवलं होतं, भाऊजी. उशीर झाला तर उपयोग नाही म्हणून."

गेला हृदय बंद पडून, पण त्याला जिवंतपणी पोखरलं ते कानाने. उंच परांचीवर उभा राहून तो खिडक्यांच्या चौकटी अशा रंगवायचा की काचेवर एक थेंब सापडायचा नाही. एकदा भर कामात त्याच्या डोळ्यांपुढे अख्खी इमारत गरगर फिरली. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, ती थांबलीच नाही; ऐकू येणं मात्र थांबत गेलं. झटका आला की भिंतीला धरून चालायचा, भर रस्त्यात ओकायचा. बघणाऱ्यांना तेवढं पुरलं. "सकाळीच लावून आलाय," म्हणायचे. दारूच्या वासानेही त्याला मळमळायचं, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? भाऊ ठेकेदार. त्याने दादाला परांचीवरून उतरवून कुंपणं रंगवायला बसवलं. तोंडाने काही बोलला नाही, पण घरी आला की दादाजवळ बसताना आधी हळूच वास घ्यायचा. ते बायकोने पाहिलं होतं.

इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरबाई तेवढ्या समजावून सांगायच्या. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं सगळं यंत्र शरीरातल्या सर्वांत टणक हाडात दडलेलं असतं. जिवंत माणसाचं ते उघडून पाहता येत नाही. म्हणून बाई मरणोत्तर दान मिळालेले कान जपून ठेवायच्या आणि त्यांचे पातळ काप काढायच्या, मागेल त्या संशोधकाला अभ्यासता यावेत म्हणून.

"बाई, मी बोलतो ते कुणी कान देऊन ऐकत नाही," रंगारी म्हणाला होता, "तर मेल्यावर मीच कान देऊन टाकतो."

बाई हसल्या. बायकोने त्याला कोपर मारलं.

आता तो विनोद खरा झाला होता. चेहऱ्याला धक्का न लावता बाईंच्या माणसांनी काम उरकलं, हात जोडले आणि गेले. ते निघण्याआधी तिने विचारलं होतं, "आत काय होतं ते मला कळेल का?"

"बाई स्वतः सांगतील. पण काप काढण्याआधी हाड द्रावणात मऊ व्हायलाच कित्येक महिने लागतात."

ती शिवणकाम करायची. मशीनवर बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं की तो दिवस आला की भाऊजींना हाताला धरून न्यायचं आणि म्हणायचं, बघा, हे होतं तुमच्या दादाच्या कानात.

महिने गेले, निरोप काही येईना. शेवटी ती स्वतःच गेली. खोलीभर कपाटं, कपाटांत बरण्या. यंत्रावर कापड झाकलेलं. काप काढणाऱ्या कारागिराचं स्टूल रिकामं.

"अनुदान थांबलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवीन शोधाला पैसे द्यायला सगळे तयार असतात. जपून ठेवायला कुणी देत नाही. परवा अनुदान ठरवणारी समिती येतेय. तुम्ही याल? घरच्यांपैकी कुणी बोललं तर..."

ती इस्त्रीची साडी नेसून गेली. समितीतले वयस्कर गृहस्थ वाईट नव्हते. ते म्हणाले, "प्रत्येक इस्पितळाने आपापली वेगळी चूल मांडायची आणि सरपण आम्ही पुरवायचं, हे कसं जमणार?"

मग तिला बोलायला सांगितलं. पाठ करून आणलेलं सगळं विसरलं.

"माझ्या माणसाला लोक दारुडा म्हणायचे," ती म्हणाली. "तो चक्कर येऊन पडायचा. त्याच्यासारखे अजून पुष्कळ असतील. एक चूल तर एक चूल, पण ती विझू देऊ नका."

आणि ती खाली बसली.

समितीने ऐकलं. सगळ्या इस्पितळांचा मिळून एकच साठा करायचं ठरलं, त्याला कायमचं अनुदान मिळालं. फक्त साठा राहणार होता दूरच्या दुसऱ्या शहरात. बरण्या बांधायला काढल्या त्या दिवशी बाईंनी तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"तुमच्यापासून लपवणार नाही. आजार डाव्या कानात होता, म्हणून तोच आधी मऊ करायला घातला होता. मध्येच कारागिराला काढलं. मी एकटी सगळीकडे पुरी पडले नाही. हाड द्रावणात फार दिवस राहिलं. आतलं सगळं विरघळून गेलं. आता त्यातून काही दिसणार नाही."

तिला काही क्षण नीट कळलंच नाही.

"म्हणजे काय होतं ते... कधीच नाही कळणार?"

"नाही. उजवा कान सुखरूप आहे. तो साठ्यात जाईल. आजारी कान ओळखायला शेजारी निरोगी कान ठेवावा लागतो, पुष्कळांना उपयोगी पडेल." बाईंनी चष्मा काढला. "डावा तुम्हाला हवा असेल तर परत देते."

ती बाईंवर चिडली नाही. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. तिने डाव्या कानाची डबी मागून घेतली.

घरी दीर आला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. "तुम्हाला दाखवायचं होतं, भाऊजी. आता दाखवायला काही राहिलं नाही."

त्याने डबीकडे पाहिलं. तिला वाटलं, हा आता म्हणेल, मी तेव्हाच सांगत होतो.

"द्या इकडे," तो म्हणाला. "दादाला जिथे पोचवलं तिथेच नेऊ. मी पण येतो."

दोघं पायीच निघाली. त्याने डबी दोन्ही तळव्यांवर धरली होती, समोरून येणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगत तो सावकाश चालत होता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, काय नेताय एवढं जपून?

"आमचा दादा आहे," दीर म्हणाला. ती इतके दिवस घरात कुणासमोर रडली नव्हती. तिथे, भर रस्त्यात, पदर तोंडात धरून रडली.