सिप्पोराचा बाप

पहिल्या नवऱ्यापासून फारकतीचा कोर्टाचा कागद दौंडच्या ज्यू मिलकाबाईंनी जिवापाड जपला होता. त्या कागदावर विसंबूनच त्यांनी अब्राहमशी लग्न केलं आणि सिप्पोरा झाली. आता सिप्पोराच्या लेकीचं लग्न इस्राएलात धर्मगुरूंपाशी अडलं होतं. तिकडून तिचा फोन आला.

"आजी, रब्बी म्हणतात, पहिल्यानं धर्माची सोडचिठ्ठी दिलीच नाही. म्हणजे तू त्याचीच बायको. मग आई परपुरुषाची ठरते, आणि तिची लेकरं लग्नाला चालत नाहीत."

"अगं, तो शिरूरला वारला की! आता चिठ्ठी कुठून आणू?"

"आई पोटात राहिली तेव्हा तो पहिला तुझ्याकडं आला होता, एवढंच रब्बींना सांग. मग आई त्याचीच धरतील."

भिंतीवरच्या फोटोत अब्राहम होता. त्याचं बसकं नाक सिप्पोराला जसंच्या तसं आलं होतं.

"व्हय, आला होता," कधी न घडलेलं सांगताना मिलकाबाईंनी फोटोकडे पाठ केली.