मी होडीची डिस्क चालवतो

मित्रांनो, घणसोलीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर तुम्हाला एक काळा, पोट सुटलेला डबा दिसेल. तो मी. मी एक जुना गेम कन्सोल आहे. माझं वय सतरा वर्षं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा मी मोठा आहे.

दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे सरकत होतो आणि कुणी माझ्यात पंखा बसवत होतं, कुणी लेन्स बसवत होतं. शेवटी एका बाईंनी माझ्या पोटात एक जास्तीची चिप बसवली. ती माझ्या आधीच्या पिढीच्या कन्सोलची होती. तिच्यामुळे मला जुन्या डिस्क वाचता येतात. माझ्यानंतर जी भावंडं आली, त्यांच्यात ही चिप बसवली नाही. मला मात्र तेव्हा तिचं काही कौतुक नव्हतं. उलट तिच्यामुळे मी लवकर तापतो, म्हणून तिचा थोडा रागच यायचा.

मला या घरी आणलं ते अंकुशदादांनी. ते न्हावा शेवा बंदरावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसून दोन्ही हातांत दोन दांडे धरायचे आणि खाली ट्रेलरवर कंटेनर असा अलगद ठेवायचे की ड्रायव्हरला कळायचंसुद्धा नाही. ते आले की मला हातांवरूनच ओळखू यायचे. त्यांची बोटं माझ्या रिमोटवर जोर करत नसत. नुसती टेकत.

माझ्या आधी या घरात माझा थोरला भाऊ होता. तो बिघडला आणि भंगारात गेला, पण त्याची एक डिस्क मागे राहिली. घरात सगळे तिला ‘होडी’ म्हणत. खेळ साधाच होता. एक नदी, एक होडी आणि होडीत आंब्याच्या पेट्या. एका खेळणाऱ्याच्या हातात डावं वल्हं, दुसऱ्याच्या हातात उजवं. दोघांची वल्ही बरोबर पडली तर होडी सरळ जायची, नाहीतर जागच्या जागी गोल फिरायची. सात वर्षांची दीक्षा उजवं वल्हं घ्यायची आणि तिचे पप्पा डावं. एखादी पेटी पाण्यात पडली की दीक्षा ओरडायची, “पप्पा, तुमी झोपलात काय?” मग शर्मिलाताई आतून ओरडायच्या, “अगं, खालच्या मजल्यावर आवाज जातोय!”

त्या वर्षांत मी भरपूर काम केलं. मोटारी पळवल्या, फुटबॉल खेळलो. नंतर दीक्षाची दहावी आली, मग बारावी, मग कॉलेज. माझ्यावर आधी धूळ बसली, धुळीवर इस्त्रीचे कपडे आले आणि त्यावर लग्नाच्या पत्रिका. तक्रार नाही, मित्रांनो. त्या काळात घरात सगळे सुखी होते, आणि सुखी माणसांना माझी आठवण आली नाही तरी चालतं.

गेल्या वर्षी एका सकाळी अंकुशदादांच्या हातातून चहाचा कप पडला. ते खाली वाकले ते परत उभे राहिले नाहीत. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. इस्पितळातून ते घरी आले तेव्हा बोलणं ठीक होतं, पाय ओढत का होईना चालत होते, पण डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी एक रबरी चेंडू दिला. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. अंकुशदादा चार वेळा दाबायचे आणि कोचाच्या कडेला टाकून द्यायचे.

“अहो, दाबा ना थोडं,” शर्मिलाताई म्हणायच्या.

“काय दाबा? ह्या हातानं मी चाळीस टन उचलायचो. आता चेंडू दाबतोय लहान पोरासारखा.”

दीक्षा तुर्भ्याला एका कंपनीत नोकरीला लागली होती. एका रविवारी तिनं माझ्यावरचे कपडे उचलले, ब्रशने माझ्या जाळीतली धूळ काढली आणि ‘होडी’ची डिस्क आत सरकवली. इतक्या वर्षांनी मी ती वाचू शकेन की नाही, याची मलाच शंका होती. पंखा घरघरला, चिप जागी झाली आणि पडद्यावर नदी आली.

“पप्पा, डावं वल्हं तुमचंच हां,” ती म्हणाली. “मी नाय दोन्ही मारणार.”

अंकुशदादांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि डावा अंगठा उजव्या हाताने उचलून रिमोटवरच्या छोट्या दांड्यावर नेऊन बसवला. त्या दिवशी होडी वीस मिनिटं गोल गोल फिरली. सगळ्या पेट्या बुडाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “दीक्षा कधी येनार घरी?”

महिन्याभरात अंगठा आपला आपण हलू लागला. मॅडम म्हणाल्या, “काय करताय ते करत राहा.”

मित्रांनो, आता पुढची गोष्ट. ती सांगताना मी दीक्षाला दोष देत नाही. मी म्हातारा झालो होतो. तासाभरात तापायचो आणि ऐन खेळात बंद पडायचो. मग अंकुशदादांचा चेहरा उतरायचा. दीक्षाला वाटलं, पप्पांसाठी चांगलं मशीन आणावं. नव्या कन्सोलवर ‘होडी’ नव्या रूपात आल्याचंही तिनं वाचलं होतं. वाशीच्या एका दुकानात जुनं देऊन नवं मिळत होतं. तिनं मला पिशवीत घातलं आणि तिथे नेलं.

दुकानदार दिपेशला तिनं विचारलंसुद्धा, “ह्याच्यावर जुन्या डिस्क चालतात ना?”

“मॅडम, टेन्शन कशाला घेता? सगळे गेम मिळतील ह्याच्यावर,” दिपेश म्हणाला. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

दोन दिवसांनी दिपेशने मला पावण्याला धाडलं. तिथे एका गाळ्यात सगुणामावशींचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्या पावणे गावातल्याच, त्यांच्या बोलण्यात ‘ड’ आणि ‘ढ’चा ‘र’ होतो. आधी एका टीव्हीच्या कारखान्यात जोडणीचं काम करायच्या. कारखाना बंद झाला तेव्हा हातातली कला घेऊन त्यांनी स्वतःचं टेबल मांडलं. त्यांनी माझे स्क्रू काढले, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “आरं बाबा, तुला तर जुनी चिप हाय!” कौतुकाने दोनदा पाहिलं, पण धंदा तो धंदा. माझी लेन्स काढून त्यांनी वाटीत ठेवली. ती दुसऱ्या कुणाच्या मशीनला लागणार होती. मला वाटलं, चला, आपलं आयुष्य चांगलं गेलं. लेन्स तरी कुणाच्या कामी येईल.

पाचव्या दिवशी दुपारी दीक्षा दारात उभी. दिपेशकडून पत्ता घेऊन, कामावरून अर्धी सुट्टी टाकून आली होती.

“मावशी, घणसोलीचा एक काळा कन्सोल आलाय का तुमच्याकडे? बाजूला माझ्या नावाचं स्टिकर आहे.”

“हाय ना. पन तो खोललाय मी. तुला कशाला पायजे? नवा घेतलास ना?”

दीक्षा स्टुलावर बसली आणि तिला रडूच फुटलं. तेव्हा मला घरचं सगळं कळलं. नव्या कन्सोलने जुनी डिस्क आत घेतली आणि बाहेर ढकलली. नवी ‘होडी’ दिसायला देखणी होती, पाणी अगदी खरं वाटायचं, पण एका होडीत दोघांनी बसायची सोयच त्यांनी काढून टाकली होती. प्रत्येकाला वेगळी वेगवान बोट, दोन्ही हातांनी चालवायची. अंकुशदादांनी एकदा खेळून पाहिलं आणि रिमोट खाली ठेवला.

“मावशी, ते काय बोलले माहितीये? बोलले, ‘दीक्षा, नव्या मशीनला मी चालत नाय.’ डिस्क नाय बोलले. मी चालत नाय, बोलले. तेव्हापासून हातच हलवत नायत.”

सगुणामावशींनी लेन्सची वाटी पुढे ओढली आणि फोन लावला.

“हिरामण, तुझ्या मशीनीला चार दिस उशीर व्हईल. दुसरी लेन्स मागवतंय मी... नाय, ही देऊन टाकली. जिची व्हती तिला.”

फोन ठेवून त्यांनी चष्मा लावला. माझी लेन्स परत बसवली, पंखा बदलला, चिप तापू नये म्हणून तिच्यावर नवा लेप लावला. हात चालू होते आणि त्या बोलतही होत्या. “कंपन्या म्हनतात, जुन्याला जागा ठेवली तर मशीन तापतं, म्हाग परतं. खरं हाय ते. मी रोज बघतंय. पन जरा तापलं तर काय झालं? पंखा कशाला दिलाय मग?” नंतर त्यांनी दीक्षाला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं. “दर महिन्याला धूळ कार. आनि ह्याच्या अंगावर कपरे नको टाकू.”

मी घरी परतलो. दीक्षाने मला फळीवर ठेवलं. नवा कन्सोल तिथेच होता, पांढरा, सडपातळ. त्याने माझ्याकडे पाहून छोटा निळा दिवा लावला. बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जसं घडवलं, तसा तो होता.

अंकुशदादा खिडकीकडे तोंड करून बसले होते. नदीच्या पाण्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

“कुठून आनलास?”

“पावण्यावरून. चला, डावं वल्हं घ्या.”

त्यांनी रिमोट घेतला. या वेळी अंगठा उचलून ठेवायला त्यांना दुसरा हात लागला नाही.

या गोष्टीला सात महिने झाले. अंकुशदादा आता शर्टाची बटणं स्वतः लावतात. वरचं तेवढं राहतं. क्रेनवर त्यांना आता चढता येणार नाही आणि त्यांनी ते मान्य केलंय. बंदराने त्यांना खाली ऑफिसात काम दिलंय, नव्या ऑपरेटरांना समजावून सांगायचं. नव्या कन्सोलवर दीक्षा तिच्या मैत्रिणींबरोबर खेळते. आम्हा दोघांना एकाच प्लगमधून वीज मिळते आणि आमचं बरं चाललंय.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन अशी मशीनं बनवेल. तेव्हा एक लक्षात ठेवा. जुन्या डिस्कमध्ये नुसता जुना खेळ नसतो. तो कुणीतरी कुणाबरोबर खेळलेला असतो. नवं जरूर बनवा, देखणं बनवा, वेगवान बनवा. पण त्याच्या पोटात जुन्यासाठी थोडी जागा ठेवा. आणि ते बनवेपर्यंत घरातल्या माझ्यासारख्यांची धूळ पुसत जा. आम्ही फार काही मागत नाही.

परवा रविवारी दीक्षा बाहेर गेली होती. अंकुशदादा एकटेच रिमोट घेऊन बसले होते. शर्मिलाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. आज त्यांनी दुसरा रिमोट उचलला.

“दाखवा, कुठलं बटण ते.”

त्या उजवं वल्हं इतक्या जोरात मारू लागल्या की होडी भोवऱ्यासारखी फिरली आणि तीन पेट्या पाण्यात. अंकुशदादा पोट धरून हसले.

“अगं, हळू! किती घाई करतेस?”

“मग तुमी या ना माझ्या बरोबरीला,” त्या म्हणाल्या.

अंकुशदादांनी पुढे सरकून डावा अंगठा दांड्यावर नीट टेकवला. एक वल्हं पडलं, दुसरं पडलं. आणि होडी सरळ निघाली.