आम्ही म्हणजे कोण?

वैभवी माझी वीस वर्षांची मैत्रीण. ती धरमपेठेत राहते, मी हुडकेश्वरला, त्यामुळे भेटायचं म्हटलं की अख्खं नागपूर ओलांडावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते मीच ओलांडते. मे महिन्यातल्या त्या दिवशीही उजाडायच्या आत टेम्पोत सायकल घालून मीच तिच्या दारात हजर. बाईसाहेब नवंकोरं हेल्मेट घालून खाली आल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "किती वं उशीर, नंदे!"

रामटेकपर्यंत टेम्पो आणि पुढे सायकल, असा बेत होता. तिथून पलीकडे धरणाच्या पाण्यात तीन बेटं आहेत. मुळात टेकड्याच त्या, पाणी चढलं तेव्हा बेटं झाल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिन्ही बेटं एकमेकांना वाळलेल्या गाळाच्या वाटांनी जोडली जातात आणि सायकलवर दिवसभर मजेत फिरता येतं. मोटार सोडाच, तिथं फटफटीसुद्धा पोचत नाही. काठावरून नेणारा एकच डोंगा, चंद्रभानचा, आणि त्यात दोन सायकली टाकल्या की माणसांनी अंग चोरून बसायचं.

ही बेटं मी शोधली. दोन उन्हाळे रुमाल बांधून, खिशात कांदा ठेवून एकटी भटकले. कुठल्या वाटेवर भरदुपारीही मोहाची सावली असते, कुठं काट्यांमुळे सायकल उचलून न्यावी लागते, सगळं पाठ केलं. चंद्रभानला डोंग्यात सायकलींसाठी फळी ठोकायला लावली. त्याच्या बायकोला, पंचफुलाला, पाहुण्यांचा स्वयंपाक करायला राजी केलं. शहरातल्या बायकांना दिवसभराच्या सायकल सहलीला इथं आणायचं, हे माझ्या डोक्यातलं खूळ. वैभवीला सांगितलं तेव्हा तिनं टाळी दिली होती. "आपण दोघी करू! नोकऱ्या सोडू." एप्रिलमध्ये मी शाळेत राजीनामा दिलासुद्धा. "तू दे आधी, मी मागून देऊनच राहिली," असं तिनं सांगितलं होतं. नवरा म्हणाला, जरा थांब. मी त्याला वेड्यात काढलं.

तिनं बेटं अजून पाहिली नव्हती. ती दाखवायची म्हणून हा दिवस ठरवला होता.

सकाळ छान गेली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या बेटावर वाट फुटते, तिथं मी मागून "डावीकडे!" म्हणून ओरडणार, तर ती आधीच वळलेली. मला वाटलं, काय बाई हिची नजर! इतकी मी बावळट.

दुपारी पंचफुलाच्या ओसरीत जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, तळलेली मासोळी, पन्हं. पंचफुला वाढता वाढता म्हणाली, "मागच्या इतवारी तुमची मानसं आलती ना ताई, त्याइले बी मासोळी लय आवडली."

"माझी कोणती माणसं?"

"तुमीच तं धाडली होती. मॅडम म्हनत, नंदिनीताईचीच मानसं हायेत." आणि तिनं सरळ वैभवीकडे बोट केलं.

वैभवीची मान ताटात गेली. "अवं, आम्ही नुसतं पाहाले आलो होतो."

आम्ही. मी शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला सोडून बोलायचं तर आम्ही. मुलं गोंधळायची आणि मी चिडायची. इथं मात्र काही गोंधळ नव्हता. तिच्या आम्हीत मी नव्हते.

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

मग सगळं निघालं. एक टूरवाली कंपनी होती. वैभवीनं त्यांना बेटं दाखवली, मी सांगितलेल्या वाटा दाखवल्या, चंद्रभानशी गाठ घालून दिली. "त्याइच्याकडे सगळं आहे वं, सायकली, गाईड, इन्शुरन्स. आपल्या दोघींच्यानं झालं नसतं. मी नोकरी सांभाळूनच त्याइचं काम पाहून राहिली."

"केव्हापासून?"

"मार्च."

"अन् एप्रिलमध्ये मले राजीनामा देऊ दिला? काहून?"

"तू इतकी खूश होती, नंदे. कसं सांगू तुले?"

घ्या! माझ्या खुशीची काळजी! मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. नोकरी गेली ती मी कुठंतरी दुसरी शोधेन. पण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं होणार होतं, आणि ते हिनं माझंच नाव सांगून परस्पर देऊन टाकलं. भरल्या ताटावरून उठून जावंसं वाटलं. उठले नाही, कारण भाकर पंचफुलानं थापली होती.

"ते तुलेही घेतील," वैभवी म्हणाली. "वाटा दाखवाले. मी बोलली आहे तुझ्याबद्दल."

पंचफुला आळीपाळीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. "म्हंजे ताई, ते तुमची मानसं नोती?"

"नव्हती," मी म्हणाले.

ती चुलीकडे गेली, गरम भाकर आणली आणि माझ्या ताटात मोडून वाढली. वैभवीचं ताट रिकामं होतं. तिला पंचफुलानं घेता का म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

उन्हं कलल्यावर आम्ही काठावर आलो. चंद्रभाननं वैभवीची सायकल डोंग्यात चढवली. तिनं माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि जणू घरातलं किरकोळ भांडण असावं तशी म्हणाली, "चल न वं नंदे. आपण रस्त्यानं बोलू."

"तुम्ही व्हा समोर," मी म्हणाले. "मी पुढच्या खेपेला येईन."

तिला आधी कळलंच नाही. मी कोणाशी बोलतेय म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग तिचा हात माझ्या हँडलवरून हळूच खाली आला.