तीनशे बारा

रुपली प्रार्थनेला उभी राहिली की ज्योत्स्नाचा जळफळाट होई. पिंपळनेरच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी ज्योत्स्ना ख्रिस्ती मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी सहा वर्षं प्रार्थना करत आली होती. आणि ही सातवी शिकलेली, कापूस वेचणारी पोरगी आली काय, सगळी रांग तिच्यापुढे!

त्यात मागच्या रविवारी सुकलालआबांनी मधुमेह बरा झाल्याची साक्ष दिली, "रुपलीनी प्रार्थना करी, मनी साखर गई!" टाळ्या थांबेनात.

मंडळीचा नियम होता, साक्षीवर शंका असेल तर पाठीमागे कुजबुजायचं नाही; पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं. ज्योत्स्नाने वडीलमंडळींतल्या अभिमननानांना सांगून टाकलं, "मी पारख करणार. खऱ्याच्या नावावर खोटं खपायला नको."

शनिवारी सकाळी ती साखर मोजायचं यंत्र घेऊन आबांकडे गेली. उपाशीपोटी बोट टोचलं. तीनशे बारा.

तिला आनंद झाला.

"गोळ्या रुपलीनेच बंद करायला लावल्या ना?"

"ती कसाले सांगी? ती ते म्हने, आबा, गोया सोडू नका. मीच सोड्यात." आबा ओशाळून हसले. "गोया खाईसन बरं व्हनं, मंग साक्ष कसानी?"

ज्योत्स्नाने यंत्र पिशवीत टाकलं. "आजपासून गोळ्या सुरू करा," एवढं बजावून ती निघाली. रस्ताभर तिने हिशेब जुळवला: आकडा खरा आहे. तेवढाच सांगायचा. पुढचं कोणी विचारणार नाही.

रविवारी ती पुढे आली. शेजारी रुपली. तिने सरकून जागा करून दिली, तीही ज्योत्स्नाला खुपली.

"आबांची साखर तीनशे बारा आहे."

मंडळी चपापली. सगळ्या नजरा रुपलीकडे वळल्या. तिचा चेहरा उतरला. याच क्षणाची ज्योत्स्ना आठवडाभर वाट पाहत होती, आणि तो तिला गोडही लागला.

"म्हणजे रुपलीनं फसवलं?" नानांनी विचारलं.

आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. पण उपाशीपोटी घेतलेला आकडा जेवणानंतरचा म्हणून लिहिला, तर आकडा तोच राहतो आणि अहवाल खोटा होतो, हे ती लॅबमध्ये नव्या मुलींना रोज शिकवत होती.

"नाही," ती म्हणाली. "गोळ्या सोडू नका, असंच तिने सांगितलं होतं. आबांनी स्वतः सोडल्या."

"मंग खोटं कुठं शे, बेटा?" नाना म्हणाले.

"आकडा पाहून मला बरं वाटलं, नाना. तिथं."

कोणी टाळी वाजवली नाही. रुपलीने तिच्यासाठी प्रार्थना करायला हात उचलला. ज्योत्स्नाला तो हातही सोसवेना.

"थांब गं," ती म्हणाली. "आधी आबांना विचार, आजची गोळी घेतली का."