खोका अकरामधलं हाड

पडद्यावर एकूण एकशे चौदा तुकडे होते. त्र्याण्णव हाडांचे, सतरा लाकडी शवपेटीचे, तीन सोन्याच्या पत्र्याचे आणि एक ओळखू न आलेला.

मूळ वस्तू इजिप्तमध्येच होत्या. उत्खनन करणारी तुकडी थडग्याच्या खोलीतून निघालेलं सगळं तिथेच स्कॅन करून जपानमध्ये नागोयाला, आमच्या प्रयोगशाळेत पाठवायची. थडगं राजघराण्यातलं, एवढं नक्की. कोणाचं, ते माहीत नव्हतं. शवपेटीवरचं नाव कोणीतरी त्या काळीच तासून काढलं होतं.

माझं काम मोजायचं. अंबरीष सरांचं काम माझं मोजणं तपासायचं. ते मुंबईचे, इथे अकरा वर्षं. पहिल्या दिवसापासून मला ते आवडले नाहीत आणि त्यांना मी. "काय गं जुई, पुण्यात दहाच्या पुढे शिकवलं होतं ना?" हे त्यांचं गुड मॉर्निंग.

माझ्या मोजणीत घोट्याची उजवी हाडं दोन निघाली. एक खोका चारमध्ये, एक खोका अकरामध्ये. माणसाला उजवा घोटा एकच, म्हणजे थडग्यात माणसं दोन. त्यावर सरांनी 'राजा आणि राणी' असा अहवाल बांधला. प्रयोगशाळेच्या प्रमुख कुरोदा-सान दुपारी दोन वाजता तो पत्रकारांपुढे मांडणार होत्या. मार्चमध्ये माझा करार वाढवायचा की नाही, हेही त्याच अहवालावर होतं. शिफारस सर करणार होते.

कुरोदा-सान यांनी अहवालावर शिक्का मारण्याआधी शेवटची मोजणी सगळ्यांसमोर करायची, अशी इथली पद्धत. इथले ट्रेनचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, तसंच आम्ही प्रत्येक तुकड्याकडे बोट दाखवून म्हणायचं. सर त्याला आरती म्हणायचे. "चला, झांजा काढा," असं ते त्या दिवशीही म्हणाले.

मी सुरू केलं. बाराव्या मिनिटाला खोका अकरा आला.

"घोट्याचं हाड. उजवं."

हाड पडद्यावर उलटं केलं. खालच्या बाजूला तुकडीने शाईने क्रमांक घातला होता, ७२. आकडे आरशात दिसावेत तसे उलटे होते. माझं बोट तिथेच राहिलं.

तेवढा एक खोका दुसऱ्या स्कॅनरवर झाला होता. त्याच्या फायली वाचणारा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात एका अक्षाचं अधिक-उणे चिन्ह चुकलं की डावं उजवं होतं.

"पुढे चल," सर मराठीत म्हणाले.

"सर, हे डावं आहे."

"दिसलं मला. सकाळीच दिसलं. पुढे चल."

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हसत बोल, त्या बघतायत. प्रोग्राम तुझा, सही तुझी. काय सांगू त्यांना? आमच्या पोरीला डावं-उजवं कळत नाही? पुण्याचं तिकीट काढायचंय का मार्चमध्ये?"

कुरोदा-सान यांनी काही अडचण आहे का, असं विचारलं. "काहीच नाही," सर जपानीत म्हणाले आणि कमरेतून वाकले.

मी बोट पुन्हा उचललं. जपानीत, होता होईल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "खोका अकरा. घोट्याचं हाड. डावं. चूक माझ्या प्रोग्रामची आहे."

कुरोदा-सान यांनी शिक्का परत डबीत ठेवला, डबी बंद केली. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "मोजा."

"झालं समाधान?" सर माझ्या खुर्चीमागे येऊन पुटपुटले. "मी शिफारसपत्र लिहितो आता. छान लिहितो."

दोन हाडं एकमेकांशी ताडून बघणं मी आधीच करायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घोटे एकाच माणसाचे असतील, तर डाव्याची आरशातली प्रतिमा उजव्यावर बसवल्यावर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतो. दोन माणसांचे असतील, तर एक मिलिमीटरच्या वर जातो.

चिन्ह दुरुस्त केलं. प्रतिमा काढून खोका चारमधल्या हाडावर बसवली. सर मागेच उभे होते.

सरासरी फरक ०.३१ मिलिमीटर.