आखूड ते आपल्यापुरतं

माझा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करतो. फोन फक्त रविवारी, रांगेत उभं राहून दहा मिनिटं, त्यातली चार 'ऐकू येतंय का' मध्ये जातात. बाकीचे दिवस घरच्या ग्रुपवर त्याचे निरोप येतात. मी लिहिते, "ठकीला ताप आहे, एकशे एक. डॉक्टरांना दाखवलं. घसा लाल आहे. दूध नीट पीत नाही." ठकी म्हणजे आमची नऊ महिन्यांची मुलगी. चार तासांनी तिकडून येतं, "के. टीसी."

टीसी म्हणजे टेक केअर, काळजी घ्या. के म्हणजे ओके, तेही अर्धं.

"टीसी? हा तिकिटं तपासायला कधीपासून लागला?" माझे सासरे म्हणायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग आहे, दिसतं ते कडेकडेचं. ठकीला बघायचं तरी मान तिरकी करून बघतात. वाचणं दोन वर्षांपूर्वी सुटलं, म्हणून निरोप मी वाचून दाखवायचे.

"'जे१ झालं का?' असं विचारलंय, बाबा."

"जेएक? जेवणालाही नंबर लागतो का तिथे? पुढे?"

"पुढे काही नाही."

"अगं, पूर्वी माणूस मेल्याची तार यायची ना, ती याहून लांब असायची. एवढी कसली काटकसर? शाई लागते की काय?"

हसायचे, पण हसून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे.

सासूबाईंना मात्र त्या आखूड निरोपांचा राग नव्हता. एकतीस वर्षं त्या एका वकिलांच्या ऑफिसात स्टेनो होत्या. "वाईट कुठे आहे? शॉर्टहँड आहे ते," त्या म्हणाल्या. "फक्त पोराला रीत माहीत नाही. आखूड ते आपल्यापुरतं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं ते पूर्ण लिहून. शॉर्टहँडची वही तशीच साहेबांपुढे ठेवली असती, तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला."

तेव्हापासून वाचायचं काम त्यांनी घेतलं. साडेतीनला माझा फोन मागून घ्यायच्या, चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसायच्या, आणि चारला चहाबरोबर बाबांना वाचून दाखवायच्या. मला सुटल्यासारखं झालं. ती ठकीच्या झोपेची वेळ. मी तिच्या शेजारी पडून तिचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत असते. भिंतीपलीकडून आईंचा आवाज बराच वेळ यायचा. वर्तमानपत्र वाचत असतील, असं मी धरून चालले. बाबा पुन्हा रोज दाढी करायला लागले. एकदा म्हणालेही, "चिरंजीव आजकाल बरं लिहायला लागलेत." मला वाटलं, टोमणा असेल.

गेल्या महिन्यात भलत्याच कारणासाठी बाबांची सोनोग्राफी केली आणि पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली सापडली. सर्जननी कागदावर काढून दाखवली, सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी. दुखत नाही, खुपत नाही. फुटली तर मात्र दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. ऑपरेशन या गुरुवारी ठरलं. त्यानंतर सर्जन पाच आठवडे नाहीत. मी अर्थातच त्याबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. आता बाबा नुसते खोकले तरी मी धावत जाऊन बघते.

सोमवारी दवाखान्यातल्या बाईंनी संमतीपत्र पुढे केलं आणि सही कुठे करायची तिथे बाबांचं बोट नेऊन ठेवलं. बाबांनी पेन खाली ठेवलं.

"चिरंजीव आले की करतो सही. तो उभा असताना करतो."

"तो कुठे येतोय, बाबा?"

"परवा येतोय. लिहिलंय की त्यानं. तुला बोलला नाही?" ते गालात हसले. "बायकोला चकित करायचं असेल. मी बोललो असं सांगू नकोस हं."

मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन ग्रुप वरपर्यंत चाळला. ऑपरेशनबद्दल मी चौदा ओळी लिहिल्या होत्या. त्याचं उत्तर होतं, "के. बघतो. टीसी." त्यापुढे काहीही नव्हतं, आणि काल रविवार असून त्याचा फोन लागलाच नव्हता.

घरी आल्यावर आईंची वही उघडली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे पेन्सिलीनं, "के. बघतो. टीसी." उजवीकडे शाईच्या गोल अक्षरात:

"तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. ऑपरेशनचं कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आई जेवते ना वेळेवर? रजेसाठी साहेबांना भेटलो, बघतो म्हणाले, म्हणजे मिळेलच. बुधवारी संध्याकाळपर्यंत पोचतो. ठकी आता धरून उभी राहत असेल, तिला माझा पापा. आणि तिच्या आईला सांगा, सगळं एकटीनं ओढू नकोस, मी आहे."

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. सांगायला लाज वाटते, पण वाचली.

आई ओटा पुसत होत्या.

"आई, हे त्यानं लिहिलेलं नाही."

"आखूड लिहिलंय त्यानं. मी उतरवलं."

"बुधवार कुठून आला?"

"आमचे साहेब अर्धं वाक्य टाकून उठायचे. फोन आला, कोणी भेटायला आलं. उरलेलं मी भरायचे. एकतीस वर्षांत एकदाही त्यांनी सही करायला नकार दिला नाही." त्यांनी फडकं पिळलं. "आणि साहेबांना काही मी पोटात वाढवलं नव्हतं. याला वाढवलंय. याला काय म्हणायचंय ते मला नाही कळणार?"

"बाबा सही करत नाहीत, आई. तो येईपर्यंत करणार नाहीत."

"येईल तो," आई म्हणाल्या. पण ओट्याची तीच कड त्या पुन्हा पुसायला लागल्या.

मी त्याला लिहिलं. येतोस का? बुधवारपर्यंत येतोस का? नसशील येत, तर तसं बाबांना लिही, पूर्ण वाक्यात लिही, हात जोडते. मंगळवारी सकाळी आलं, "शिफ्ट. नंतर." मंगळवारी दुपारी तीन वीसला आलं, "नाही जमत. सॉ. टीसी."

हातमोजा दातात धरून एका हातानं लिहिलं असेल. मागे रांग असेल. डोळ्यांत पाणीही असेल. मग लक्षात आलं, मीसुद्धा उतरवायलाच लागले होते.

आईंनी फोन वाचला, वही उघडली, डावीकडे पेन्सिलीनं निरोप लिहिला. उजवीकडे पेन टेकवलं आणि तसंच उचललं. वही माझ्याकडे सरकवली. "हे मला नाही येत उतरवायला."

मग मी लिहिलं. खरं तेवढंच लिहायचं, असं ठरवलं होतं. चारला बाबांसमोर बसून वाचलं, "बाबा, मला येणं जमत नाही. मला माफ करा. माझ्यासाठी थांबू नका, गुरुवारी ऑपरेशन करून घ्या. काळजी घ्या."

'थांबू नका' त्यानं लिहिलं नव्हतं. तेवढी भर माझी.

बाबांनी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेनं मला बघितलं. "हे त्याचं नाही."

"त्याचंच आहे. तीन वीसला आलंय."

"पोरी, इतके महिने मी त्याची पत्रं ऐकतोय. त्याची ढब मला ठाऊक आहे. आधी आईचं जेवण विचारणार, मग ठकीला पापा, शेवटी तुझी काळजी. हे अगदीच कोरडं आहे. मी सही करावी म्हणून तू लिहिलंस हे. रागावलो नाही मी. तुझा जीव सदानकदा टांगणीला असतो, मला का माहीत नाही?"

"हे बघा ना, फोनवर आहे." मी फोन त्यांच्यापुढे धरला. मूर्खासारखा धरला. त्यांना त्यात नुसता उजेड दिसला असेल.

मग माझा तोल सुटला. "बाबा, ती आधीची पत्रं त्याची नव्हती. आईंनी लिहिलीत ती."

बाबा मोठ्यानं हसले. कित्येक दिवसांत इतके हसले नव्हते. "ही? अगं, हिनं जन्मात स्वतःचं एक वाक्य लिहिलेलं नाही. ही दुसऱ्याचं उतरवते!"

"विचारा त्यांना."

"काय गं, तू लिहिलीस?"

आई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढे येऊन कप बाबांच्या हातात दिला, बोटं कानाभोवती नीट बसवून दिली. "मी उतरवली," त्या म्हणाल्या.

"ऐकलंस?" बाबा मला म्हणाले. "उद्या येऊ दे त्याला. आला की दवाखान्यात जाऊ, दोन मिनिटांत सही करतो."

पलीकडे ठकी उठून रडायला लागली होती. मी वही तिथेच ठेवून गेले.

बुधवारी बाबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. जिन्यात पाऊल वाजलं की मान तिरकी व्हायची. तिसऱ्या मजल्यावरचा शिक्षक, पेपरवाला, पाण्याचं मीटर बघणारी बाई. अकरापासून मी त्यांना तीनदा विनवलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू जरा पड बरं. रात्रभर जागी असतेस."

दोनला दवाखान्यातून फोन आला. पाचपर्यंत सही झाली नाही तर गुरुवारची वेळ दुसऱ्या पेशंटला जाईल. पुढची तारीख सर्जन परतल्यावर. मी 'हो' म्हणाले. काय म्हणणार? फोन ठेवला आणि ठकीचा ताप बघितला. तो नव्हता.

पाच वाजून गेल्यावर मी नवऱ्याला लिहिलं, "बाबांनी सही केली नाही. ऑपरेशन रद्द झालं. ते दारात तुझी वाट बघत बसलेत."

निरोप बराच वेळ पोचला नाही. मग पोचला. मग वाचला गेला. त्याचं नाव वर लुकलुकायला लागलं, तो काहीतरी लिहीत होता. थांबला. पुन्हा लिहायला लागला. मी ठकीला कडेवर घेऊन फोनकडे बघत उभी होते. इतका वेळ लिहितोय म्हणजे बरंच काही असेल, असं मला वाटलं.

"के," आलं.

"काय आलं गं त्याचं?" दाराकडून बाबांनी विचारलं. "गाडी चुकली का?"

आई चष्मा पुसत टेबलाशी येऊन बसल्या. त्यांनी वही उघडली, मधोमध रेघ मारली, आणि फोनसाठी माझ्यापुढे हात केला.