पाणी अडवून उभी असलेली काळी भिंत

या सुरुंगवाल्याला वागण्याची रीतच नाही. सकाळी येतो, चहाचा पेला माझ्या डोक्यावर ठेवतो, माझ्याच सावलीत बसून डबा खातो आणि हात धुतले की माझ्याच कुशीत ड्रिल खुपसतो.

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, पण मला कुणा गवंड्याने बांधलेले नाही. शाळा मी लांबूनच पाहिली. पोरांची सहल येते, मास्तर माझ्याकडे छडी रोखून बोलतात, तेवढेच माझे शिक्षण.

मी आधी पातळ होते. खूप खोल, जिथे दगडही वितळतो, तिथे जन्मले. मास्तर आम्हाला शिलारस म्हणतात. आम्ही बहिणी आजूबाजूच्या दगडापेक्षा हलक्या, त्यामुळे वर निघायची घाई उपजतच. वाट कुणी करून दिली नाही. चीर दिसली की घुसायचे, मागून येणाऱ्या रेट्याने ती फाकवायची, अडले तर आडवे पसरायचे, पुन्हा वरची फट शोधायची. थांबणे ठाऊकच नव्हते. थांबली ती गोठली.

माझी बहीण वर पोचली. पोटातला वायू फसफसला, जमिनीला तोंड फुटले आणि ती उजेडात उडाली. तिच्या तुकड्यांचा ढीग साचून पलीकडची टेकडी झाली. उरलेली ती लाव्हा होऊन उतारावर पसरली. लोक आजही तिच्यावर चढून फोटो काढतात. वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेली कुठली! बोट लावले तर भुगा होतो. मला मात्र थोडेच अंतर उरले असताना मागचा रेटा संपला. चिरेतच अडकले, आधी कडेने गोठले, मग आतून सावकाश. म्हणून माझे अंग असे घट्ट. पुढे भोवतालचा मऊ दगड झिजून गेला आणि मी उघडी पडले. थंड झाले, पण स्वस्थ झाले नाही. अजून वाटते, थोडे वर जायचे राहिले.

काम मला नकळतच लागले. टेकडीत मुरलेले पाणी जमिनीखालून सरकत येते आणि माझ्याशी अडते. माझ्या वरच्या अंगाला, जिथे जमीन उंच आहे, सुरुंगवाल्याच्या आईची विहीर आहे. तिची लाँड्री त्या विहिरीवर चालते. इस्पितळाच्या चादरी ती माझ्यावर वाळत घालते आणि जाता जाता मला एक चापट मारते. तिच्या मुलाने खालच्या अंगाला दुप्पट खोल विहीर खणली, ती ठणठणीत कोरडी. त्याने खणणाऱ्याला दोष दिला. मला कुणी विचारलेच नाही.

आता त्याला रस्त्याच्या खडीसाठी काळा दगड हवा. आई नको म्हणाली. तो म्हणाला, विहिरीला पाणी खालून येते, भिंतीचा काय संबंध? संध्याकाळी सुरुंग भरायचे ठरवून त्याने सकाळीच कोरड्या बाजूने, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आठ हात भोक पाडले. ते आरपार गेले आणि पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. गडी नाचायलाच लागला. दगडातून झरा लागला म्हणाला, बाटली भरली, आईला निरोप धाडला की आता विहिरीची गरजच नाही.

मित्रांनो, गप्प उभी आहे तिला काही काम नाही, असे समजू नका. माझ्या अंगातून पाणी वाहत होते आणि ते थोपवायला मला हात नव्हते. इतकी कासावीस मी त्या चिरेतही झाले नव्हते.

आई दुपारी वळसा घालून आली, हातात रिकामी बादली. विहिरीतली शेवाळ धरलेली पायरी, जी तिने लग्न होऊन आल्यापासून कधी उघडी पाहिली नव्हती, ती पाण्याबाहेर आली होती. मुलाने हसत बाटली पुढे केली. तिने बाटलीकडे पाहिले, भोकाकडे पाहिले. खांद्यावरचा टॉवेल पिळून भोकात कोंबला आणि त्यावर पाठ टेकून खाली बसली. मग माझ्या मनातलेच बोलली:

"झरा नाही रे हा. माझीच विहीर बाटलीत भरून मलाच दाखवतोयस. हिला हात लावायचा असेल तर आधी मला उठव, आणि मी उठत नाही. हे भोक तूच बुजवायचंस. आणि पाणी पुन्हा वर येईपर्यंत ती पायरी उतरून चादरींचं पाणीही तूच आणायचंस. घे बादली."